रिव्हर्स लूप: आत जाताना गाडी चालते, बाहेर येताना ट्रिप. आधी गॅप बघा भो

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मॉडेल रेल्वेचं १२ बाय ५ फुटाचं एचओ (म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचं) लेआउट, पेको कंपनीचा ट्रॅक, दोनेक अँपियरचं छोटं डीसीसी कमांड स्टेशन (रुळांतूनच इंजिनांना करंट आणि डिजिटल हुकूम देणारी पेटी), एका टोकाला लूप, म्हणजे गाडी सांध्यातून (रूळ दोन फाट्यांत फुटतो ती जागा, पॉइंट) आत जाते, गोल फिरते आणि त्याच सांध्यातून तोंड फिरवून बाहेर येते. लूपला ऑटो रिव्हर्सर (लूपच्या दोन रुळांचा करंट आपोआप अदलाबदल करणारं सर्किट) लावला, दिवाळीत मस्त चाललं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरं सोरं घरी आली, त्यांना दाखवायला गाडी सुरू केली तर आत जाते बिनबोभाट आणि बाहेर पडताना टकटकटक आवाज येऊन सगळं बंद. इंजिन दुसऱ्या बाजूने लूपमधे घातलं तर आत शिरतानाच बंद. रिव्हर्सर जळाला का, नवीन मागवू का असं विचारून राह्यलेत, आणि जाता जाता एक प्रश्न, कोपऱ्यात पाचोरा-जामनेरची छोटी लाइन टाकून जामनेरला ट्रँगल (गाडीचं तोंड फिरवायला रुळांचा त्रिकोण) करायचाय तर त्याचं वायरिंग कसं.

भाऊ, नवीन काही मागवू नका. तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात त्यातच उत्तर आहे, एक म्हणजे दिवाळीत चालत होतं आणि आखाजीला बंद पडलं, आणि दुसरं म्हणजे एका टोकाला कधीच त्रास नाही, दुसऱ्या टोकाला जाताना येताना दोन्ही वेळा त्रास. माझं निदान असं की तुमचा एक गॅप, म्हणजे रुळात मुद्दाम कापलेली फट, उन्हाने मिटलाय. आणि तो गॅप जिथे ट्रिप होतं तिथला नाही, बरोबर उलट टोकाचा आहे. हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून जरा मुळापासून सांगतो. मी भुसावळ डिव्हिजनला सिग्नल खात्यात नोकरी काढली, आता रिटायर, त्यामुळे रुळाला रूळ चिकटल्यावर काय तमाशे होतात हे खऱ्या गाडीखालीही बघितलंय आणि टेबलावरही.

लूपमधे शॉर्ट का होतो ते आधी. कागदावर लूप काढा, सांध्याच्या अलीकडे एक रूळ लाल पेन्सिलीने आणि एक निळ्याने रंगवा, आणि तसेच रंगवत रंगवत गोल फिरून परत सांध्यापाशी या. लाल रूळ निळ्याला येऊन भिडतो. बस, एवढंच आहे ते. कुठल्याही प्लॅनवर शंका आली की दोन पेन्सिली घ्या, जिथे रंग भांडतील तिथे रिव्हर्सिंग सेक्शन, म्हणजे रूळ अदलाबदल करता येणारा वेगळा तोडलेला तुकडा, पाहिजे. खऱ्या रेल्वेला ही भानगड नाही कारण तिथे करंट वरच्या वायरमधून येतो आणि दोन्ही रूळ मिळून परतीचा रस्ता, डावा उजवा भेद नाही. आपल्याकडे दोन रुळांमधेच सगळा कारभार.

आता जुन्या डीसी कंट्रोलरवर ज्यांनी गाड्या चालवल्या त्यांच्या डोक्यात प्लस-मायनस बसलेलं असतं, प्लस उजवीकडे तर गाडी पुढे. डीसीसीत तसं नाही. रुळावर जे असतं ते सतत उलटसुलट होणारी चौकोनी लहर, ‘१’ या बिटचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदाचा, ‘०’ चा निदान १०० मायक्रोसेकंदाचा, आणि इंजिनातला डेकोडर (हुकूम वाचणारं सर्किट) फक्त वेळ मोजतो. कुठला रूळ आधी वर गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गाडी पुढे का मागे हे त्या बिटांमधे लिहिलेलं असतं. म्हणून गाडी लूपच्या मधे पळत असताना लूपचे दोन रूळ आपण अदलाबदल केले तरी इंजिनाला पत्ता लागत नाही, ते आपलं चालतच राहतं. डीसीमधे तेच केलं असतं तर गाडी जागेवर उलटी पळाली असती. या अदलाबदलीला इंग्रजी पुस्तकात पोलॅरिटी म्हणतात, काही जण फेज म्हणतात, पण घरातला फेज-न्यूट्रल डोक्यात आणू नका, गोंधळ होतो. मी याला साधं ‘सरळ’ आणि ‘उलट’ म्हणतो.

मग रिव्हर्सर काय करतो? लूपचा तुकडा दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून बाकीच्या ट्रॅकपासून तोडलेला असतो, म्हणजे एकूण चार गॅप. त्या तुकड्याला करंट फक्त रिव्हर्सरमधून मिळतो. इंजिनाचं लोखंडी चाक गॅप ओलांडताना बाहेरचा रूळ आणि आतला रूळ जोडतं, जुळत असेल तर काही होत नाही, जुळत नसेल तर शॉर्ट होतो आणि रिव्हर्सर तो शॉर्ट बघून कमांड स्टेशनच्या आधी पटकन आतले रूळ अदलाबदल करतो. शॉर्ट गेला, गाडी पुढे. रिले वाला असेल तर ‘टक’ असा एक आवाज येतो, सॉलिड स्टेट असेल तर काहीच ऐकू येत नाही. एक टक म्हणजे तब्येत ठीक. टकटकटकटक म्हणजे त्याला दोन्हीकडून शॉर्ट दिसून राह्यला, सरळ केलं तरी शॉर्ट, उलट केलं तरी शॉर्ट, बिचारा करणार काय, शेवटी कमांड स्टेशन सगळ्यांचा गळा दाबतं.

आता तुमच्या घरात या. लूपच्या एका टोकाला अ म्हणा आणि दुसऱ्याला ब. समजा अ टोकाचा एका रुळाचा गॅप मिटला. म्हणजे आतला रूळ बाहेरच्या रुळाला कायमचा जोडला गेला. रिव्हर्सर ‘सरळ’ असताना तसंही अ टोकाला दोन्ही बाजू जुळतातच, त्यामुळे तो मिटलेला गॅप काही बोलत नाही, गुपचूप बसतो. गाडी अ कडून आत गेली, छान. आता ब कडे पोचली, तिथे जुळवायला रिव्हर्सरला ‘उलट’ व्हायला पाहिजे. तो उलट झाला रे झाला की अ टोकाला, जिथे आता गाडीही नाही, मिटलेल्या गॅपमधून शॉर्ट. परत सरळ होतो तर ब टोकाला चाकामधून शॉर्ट. टकटकटक. माणूस बघतो ब कडे कारण गाडी तिथे अडलेली असते, ब चे गॅप घासतो, ब चा सांधा उपटतो, ब चे फीडर (रुळाला करंट देणाऱ्या छोट्या वायरी) परत सोल्डर करतो, आणि चोर अ ला सावलीत बसलेला. उलट दिशेने गाडी आणली तरी ब ला आत शिरतानाच ट्रिप, अ ला कधीच नाही. तुम्ही लिहिलेलं तंतोतंत हेच. म्हणून जे टोक शहाण्यासारखं वागतंय त्याच्यावर आधी संशय घ्या.

दोन्ही टोकांना एकेक गॅप मिटला असता तर गाडी नसतानाही, नुसतं सुरू करताच ट्रिप झालं असतं. आणि फीडर चुकून बाहेरच्या बसमधून (टेबलाखालून जाणारी मुख्य वायरजोडी) लूपमधे आला असता तर दिवाळीतसुद्धा चाललं नसतं. म्हणून म्हणतो गॅप.

मिटतो कसा तर आपल्या खान्देशच्या कृपेने. जानेवारीत पहाटे ८-१० डिग्री आणि मे मधे दुपारी ४५, पत्र्याच्या खोलीत तर त्याच्याही वर. धरा ४० डिग्रीचा फरक. निकेल सिल्व्हरचा रूळ एका डिग्रीला मीटरमागे साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतो. पेकोचा फ्लेक्स (वाकवता येणारा ट्रॅक) ९१४ मिलिमीटरचा, म्हणजे एका तुकड्यामागे ०.६ मिलिमीटर. तुम्ही वळणावर तीन तुकडे एकमेकांना सोल्डर करून एकच लांब रूळ केला असेल, सगळेच करतात कारण वळण गुळगुळीत येतं, तर झाले १.८. आणि गॅप कापला कशाने? पातळ करवतीने कापला असेल तर तो अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. मग तो वाढणारा रूळ जाणार कुठे, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे, म्हणजे तुमच्या गॅपमधे. त्यात उन्हाळ्यात प्लायवुड सुकून किंचित आकसतं, ते वेगळंच.

तपासायचं कसं ते सांगतो, आणि वेळ महत्त्वाची, दुपारी तीनला तपासा. सकाळी सातला मीटर लावाल तर गॅप थंड होऊन परत उघडलेला असेल, मीटर गप्प, आणि तुम्ही म्हणाल काका फेकू आहेत. कमांड स्टेशन बंद करा, त्याच्या ट्रॅकच्या दोन वायरी काढा, रिव्हर्सरच्या आउटपुटच्या दोन वायरी काढा, सगळी इंजिनं आणि लाइटवाले डबे ट्रॅकवरून उचला, नाहीतर त्यांच्यातून मीटर खोटं बोलतं. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून चारही गॅपवर एक काडी आत एक काडी बाहेर लावत जा. जिथे बीप वाजला तो तुमचा गुन्हेगार. पेन्सिलीचा कागद समोर असेल तर लक्षात येईल की बाकी तीन जागी वाजणारच नाही, कारण तिथे समोर वेगळा रूळ आहे. डोळ्यालाही बघा, वर्तमानपत्राची पट्टी गॅपमधून वरून खालपर्यंत सरकवा. वर मोकळं दिसतं पण रुळाच्या पायाला, स्लीपरच्या आड, कापताना राहिलेला बारीक बर (धातूचा काटा) टेकलेला असतो, तो माझ्या नातवाला दिसतो, मला चष्मा लावूनही दिसत नाही.

दुरुस्ती. गॅप नुसता रुंद करून सोडू नका, पुढच्या मे मधे परत बोलावणं येईल. छोट्या ग्राइंडरच्या कटिंग डिस्कने गॅप थोडा मोठा करा, मग जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, त्याचा छोटा तुकडा कापून गॅपमधे दाबून बसवा, सुपरग्लूचा एक थेंब, वाळलं की ब्लेडने आणि बारीक कानशीने रुळाच्या आकाराला आणा, वरून आणि आतल्या बाजूने, म्हणजे चाक अडकणार नाही. आता रूळ कितीही ढकलू दे, मधे प्लॅस्टिक आहे. पण मग वाढलेली लांबी दुसरीकडे कुठेतरी जायला पाहिजे, नाहीतर वळण फुगून ट्रॅक उचलला जाईल. म्हणून सरळ भागातले जॉइंट सोल्डर करू नका, जॉइनर (दोन रूळ जोडणारी पट्टी) मोकळे ठेवा, हिवाळ्यात ट्रॅक टाकत असाल तर तिथे एटीएम कार्डाच्या जाडीची फट ठेवा, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर द्या म्हणजे मोकळ्या जॉइनरवर करंटची भिस्त राहत नाही. प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर मिळतात तेही चांगले, त्यांच्यात मधे छोटी पडदी असते, पण ट्रॅक आधीच ठोकलेला असेल तर ते घालायला अर्धं लेआउट उखडावं लागतं, त्यापेक्षा एटीएम कार्ड बरं.

खऱ्या लाइनवर असल्या करंट तोडणाऱ्या जोडाला आम्ही ग्लूड जॉइंट म्हणायचो. आणि गंमत अशी की डीसी ट्रॅक सर्किटमधे (रुळावर गाडी आहे का हे ओळखणारं सर्किट) आम्ही शेजारशेजारच्या दोन सर्किटची पोलॅरिटी मुद्दाम उलटी ठेवतो, जॉइंट फेल झाला की दोघं आपसात भांडून रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो, म्हणजे बिघाड लपून राहत नाही. तुमच्या लूपमधे अ टोकाला पोलॅरिटी जुळते म्हणून बिघाड लपून राहिला. उन्हाळ्यात जॉइंट फेल झाला म्हणून रात्री ट्रॉली घेऊन किती वेळा गेलोय ते आता आठवत बसत नाही.

गॅप दुरुस्त करूनही ट्रिप होत असेल तर मग दुसरा संशयित, सेटिंग. तुमचं कमांड स्टेशन दोनेक अँपियरचं. रिव्हर्सरला शॉर्ट ‘दिसायला’ ठराविक करंट वाहावा लागतो, बऱ्याच रिव्हर्सरवर तो कमीजास्त करायला एक बारीक स्क्रू किंवा जंपर असतो. तो जर कमांड स्टेशनच्या ट्रिपच्या बरोबरीला किंवा वर ठेवलेला असेल तर रिव्हर्सर झोपेतून उठायच्या आत कमांड स्टेशन बंद पडतं. हे मोठ्या पाच अँपियरच्या सिस्टीमवर कधी जाणवत नाही, छोट्या स्टार्टर सेटवरच जाणवतं. तो कमी करा, पण इतकाही नको की दोन इंजिनं आणि लाइटचे डबे एकदम आत गेले की तेवढ्या करंटलाच तो शॉर्ट समजेल. मी असं करतो, सगळ्यात जड गाडी लूपमधे घालून सेटिंग कमी करत जातो, उगाच टक वाजायला लागलं की थोडं परत वर घेतो. सर्किट ब्रेकरही लावला असेल तर तोही रिव्हर्सरपेक्षा सुस्त असला पाहिजे, घरात फ्यूजच्या आधी एमसीबी पडावा तसं.

आणि वायर. करंट वाहिला तरच शॉर्ट दिसणार ना. बारीक वायरने वीस फूट लांब बस ओढली की शॉर्ट झाला तरी वायरच्या रेझिस्टन्समुळे करंट पुरेसा चढत नाही, रिव्हर्सर आंधळा होतो आणि तिकडे चाक आणि रूळ तापत बसतात. एवढ्या लेआउटला बससाठी घरच्या फिटिंगची १.५ स्क्वेअर एमएम पुरते, मी २.५ वापरतो कारण घरात पडलेली होती. फीडर ०.५ ची, हातभर लांब. तपासायला रुपयाचं नाणं. सगळ्या ट्रॅकवर फूट-फूट अंतराने दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं, प्रत्येक जागी कमांड स्टेशन ताबडतोब ट्रिप झालं पाहिजे. लूपमधे आधी टकटक होईल आणि मग ट्रिप, ते बरोबर आहे. जिथे नाणं ठेवूनही ट्रिप होत नाही, नुसतं नाणं गरम होतं, तिथे फीडर वाढवा. धुळ्याच्या एका मित्राकडे हे नाण्याचं केलं तेव्हा अर्ध्या लेआउटवर ट्रिपच होईना, त्याने बससाठी टेलिफोनची जुनी वायर वापरली होती. टेलिफोनवाल्यांना काही बोलत नाही मी, वायर चांगली असते, पण फोनला.

वायरचे रंग वेगळे ठेवा. मेन बस लाल-काळी, रिव्हर्सरच्या पुढची पिवळी-हिरवी, टेबलाखाली पाठीवर झोपून टॉर्च तोंडात धरल्यावर रंगच आधार देतो. लूपमधे पिवळी-हिरवी सोडून एकही वायर दिसता कामा नये. एकच रूळ कापून दुसरा कॉमन ठेवायची जुनी डीसीवाली सवय असेल तर सोडून द्या, रिव्हर्सिंग सेक्शनला दोन्ही रूळ कापायचे म्हणजे कापायचेच.

लांबीचा विषय. सगळीकडे लिहिलेलं असतं की सेक्शन सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा पाहिजे, ते बरोबर आहे पण कारण समजून घ्या. एकाच वेळी दोन्ही टोकांचे गॅप लोखंडी चाकांनी जोडले गेले तर रिव्हर्सरला सुटका नाही. मी माझ्या पहिल्या लूपमधे हाच मार खाल्ला. वीसेक वर्षं झाली असतील, लूप ४६ सेंटिमीटर रेडियसचा, सांधा वगळून वापरायला पावणेतीन मीटर, इंजिन आणि आठ मालडबे मजेत फिरायचे. मग हौसेने दहा डब्यांची पॅसेंजर केली, सगळ्या डब्यांना लोखंडी चाकं आणि आत लाइट. आयसीएफचा, म्हणजे नेहमीचा जुन्या पद्धतीचा, डबा बफरसकट २२.३ मीटरचा, १:८७ मधे साडेपंचवीस सेंटिमीटर, दहा डबे झाले अडीच मीटरच्या वर, आणि इंजिन आणखी वीसबावीस सेंटिमीटर. हिशोब कागदावर जेमतेम बसत होता पण कपलिंगमधली जागा धरली नव्हती. इंजिन बाहेर निघतंय आणि शेवटचा डबा अजून आत शिरतोय, रिले असा तडतडला की आमच्या सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या, टाइपरायटर कधी आणला? तीन रात्री मी रिव्हर्सरला शिव्या घातल्या. शेवटी नववा-दहावा डबा सोडून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणजे मोजायची ती लोखंडी चाकांची लांबी. रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेली वीस वॅगनची गाडी करायची आणि वॅगनला प्लॅस्टिकची चाकं असतील तर लूप केवढाही असो, फक्त इंजिनं आत मावली तरी पुरे. शेपटाला लाल दिवा लावलेला ब्रेकव्हॅन असेल तर मात्र तो धरावा लागेल, करंट घेणारं प्रत्येक चाक धरायचं.

दोन रिव्हर्सिंग सेक्शन एकमेकांना चिकटवू नका हेही ओघाने आलं. एकाच गॅपच्या दोन्ही बाजूला दोन रिव्हर्सर असतील तर शॉर्ट झाला की दोघंही एकदम पलटी मारतात, दोघं पलटले म्हणजे परिस्थिती होती तीच. मधे साधा मेनचा तुकडा पाहिजे, निदान सगळ्यात लांब इंजिन-जोडीएवढा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर छोट्या कमांड स्टेशनवर मी रिव्हर्सर वापरतच नाही. रिव्हर्सरची पद्धत म्हणजे आधी शॉर्ट होऊ द्या मग मी बघतो, आणि मला सिग्नलवाल्याला ते मनातून पटत नाही. लूपला सांधा एकच आहे, गाडी कुठल्या पायाने, म्हणजे सांध्याच्या कुठल्या फाट्याने, येणार-जाणार हे सांधाच ठरवतो, मग त्यालाच रूळ बदलायचं काम द्या. सहा पिनांचा डीपीडीटी टॉगल (एका खटक्याने दोन वायरी एकदम बदलणारा स्विच) घ्या, मधल्या दोन पिनांना लूपच्या पिवळी-हिरवी, एका टोकाच्या दोन पिनांना मेनची लाल-काळी, आणि तिथून दुसऱ्या टोकाच्या पिनांना तिरप्या वायरी, म्हणजे लाल समोरच्या तिरक्या कोपऱ्यात आणि काळी दुसऱ्या. हाताने बदलायचा असेल तर एवढंच. सांधा मोटरवर असेल तर कॉन्टॅक्टचे दोन सेट असलेली मोटर घ्या, टॉर्टॉइज नावाच्या मोटरमधे ते आतच असतात, किंवा स्वस्तात करायचं तर एसजी९० या छोट्या सर्व्हो मोटरने सांधा हलवा आणि सांधा फिरवायच्या त्याच कमांडवर १२ व्होल्टचा डीपीडीटी रिले ओढा, जळगावला गोलाणी मार्केटला फेरी मारली की असलं सामान जमतं. गाडी पूर्ण आत गेली, सांधा फिरवा, रूळ आपोआप बदलले, गाडी न थांबता बाहेर. शॉर्ट नाही, टक नाही, आवाजवाल्या डेकोडरचा हॉर्न मधेच अडखळत नाही. सांधा फिरवायला विसरलात तर ट्रिप होईल, पण लाइव्ह फ्रॉगचा (सांध्यात दोन रूळ छेदतात त्या भागालाही करंट असलेला) सांधा उलटा असताना त्यावर गाडी घातली तर तसंही शॉर्ट होणारच होता, नवीन पाप काही नाही. एकच अट, गाडीचं एकही लोखंडी चाक गॅपवर असताना सांधा फिरवायचा नाही. गॅप सांध्याच्या पलीकडे, फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही पायांवर ठेवा, सांधा मेनमधेच राहू द्या.

आता तुम्ही न विचारलेलं पण तुमच्या फोटोत दिसलेलं. स्टेशनात अप आणि डाउन अशा दोन लाइन दाखवल्यात आणि पुढच्या टोकाला सांधा नसलेलं नुसतं गोल वळण घालून त्या दोन्ही जोडायच्या म्हणताय, आणि मधे क्रॉसओव्हर (एका लाइनवरून शेजारच्या लाइनवर जायचा जोड). सावध. दोन पेन्सिली घ्या. अप लाइनचा बाहेरचा रूळ लाल असेल तर वळून आल्यावर डाउन लाइनचाही बाहेरचाच रूळ लाल होतो, आणि क्रॉसओव्हर तर अपचा उत्तरेकडचा रूळ डाउनच्या उत्तरेकडच्या रुळाला जोडतो, लाल-निळे भिडले. यात लोक क्रॉसओव्हरलाच गॅप मारून तिथे रिव्हर्सर घालायला बघतात, तो तुकडा वीतभर, इंजिनच मावत नाही, दोन्ही गॅप एकदम जोडले जातात. ते नको. टोकाचं अख्खं वळण रिव्हर्सिंग सेक्शन करा, स्टेशनातल्या सगळ्या लाइनचे उत्तरेकडचे रूळ लाल आणि दक्षिणेकडचे काळे. मग स्टेशनात पाहिजे तेवढे क्रॉसओव्हर टाका, वायरिंगला हातही लावावा लागत नाही. या वळणाला मात्र सांधा नाही, त्यामुळे तुमचा तो ऑटो रिव्हर्सर इथे लावा आणि जुन्या लूपला टॉगल. नवीन खर्च फक्त टॉगलचा.

राहिली पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर. मन खूश केलंत भाऊ, लॉकडाऊनपासून ती गाडी थांबली, शेंदुर्णी-पहूरवाले अजून आठवण काढतात. एक योगायोग सांगतो, तिचा गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, त्याला ८७ ने भागा, ८.७६ येतात. एन गेजचा (एचओपेक्षा लहान मॉडेलचा) बाजारातला ट्रॅक ९ मिलिमीटरचा. म्हणजे एचओच्या लेआउटवर पीजे दाखवायला एनचा ट्रॅक जवळजवळ नेमका बसतो, आपल्या ब्रॉडगेजपेक्षाही जवळ, कारण १६७६ ला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस येतात आणि आपण १६.५ वर चालवून घेतो. स्लीपर तेवढे जवळजवळ आणि बारीक दिसतात, माती-गवताने झाकून टाका, खऱ्या पीजेचे तरी कुठे दिसायचे.

ट्रँगलचं वायरिंग लूपपेक्षा सोपं आहे, फक्त सेक्शन कुठे घ्यायचा ते नीट निवडा. तीन सांधे, तीन बाजू, आणि तुमच्या केसमधे तिसऱ्या सांध्यापुढे एक बंद शेपूट, जिथे गाडी जाऊन परत मागे येते. बहुतेक जण तीनपैकी एक बाजू रिव्हर्सिंग करतात. त्याने चालतं, पण ती बाजू गाडीएवढी लांब पाहिजे आणि आपल्या कोपऱ्यात ती हातभर असते. त्यापेक्षा शेपूट आणि तिसरा सांधा मिळून सेक्शन करा, गॅप त्या सांध्याला येणाऱ्या दोन पायांवर. शेपूट बंद असल्यामुळे गाडी एका वेळी एकाच पायावरून येते किंवा जाते, दोन्ही गॅप एकदम जोडले जायची सोयच नाही, लांबीची कटकट संपली. आणि इथेही तो तिसरा सांधाच सांगतो गाडी कुठल्या पायाची आहे, म्हणून त्याच्याच कॉन्टॅक्टवर डीपीडीटी. गाडी शेपटात पूर्ण गेली, सांधा फिरवला, रूळ बदलले, गाडी मागे दुसऱ्या पायाने बाहेर. टर्नटेबल कधी केलात तर तिथेही हीच गोष्ट, पुलावरचे दोन रूळ म्हणजे छोटा रिव्हर्सिंग सेक्शन, अर्धा फेरा फिरल्यावर उलटा होणारा.

आणखी एक साधी चाचणी, नवीन सेक्शन केला की गाडी घालायच्या आधी करतो. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी सोल्डर केलेल्या, सगळं चालू ठेवून गॅपच्या आतल्या आणि बाहेरच्या रुळाला लावायचा. पेटला तर रूळ भांडताहेत, नाही पेटला तर जुळताहेत. सांधा फिरवला की एका पायाच्या गॅपवर विझला पाहिजे आणि दुसऱ्या पायाच्या गॅपवर पेटला पाहिजे. दोन्हीकडे पेटत असेल तर तिरप्या वायरीत घोळ, दोन्हीकडे विझलेला असेल तर सेक्शनला करंटच पोचत नाही.

तर उद्या दुपारी तीनला, पंखा लावून, आधी ते शहाणं टोक मीटरने बघा आणि कुठल्या रुळावर बीप वाजला ते कळवा. माझा अंदाज वळणाच्या बाहेरच्या रुळावर आहे, तो लांब असतो म्हणून वाढतोही जास्त.